रकान्यात न मावलेला माणूस

मित्रांनो, या लेखाची सुरुवात एका पुलापासून झाली. पिट्सबर्गला एमएस करणाऱ्या आमच्या एका सीनियरने हॉस्टेलच्या ग्रुपवर एका पिवळ्या पुलाचा फोटो टाकला होता. सिव्हिलवाले लगेच जागे झाले. सेल्फ अँकर्ड सस्पेन्शन ब्रिज, म्हणजे केबलची टोकं काठावरच्या काँक्रीटच्या ठोकळ्यात न बांधता पुलाच्याच गर्डरला बांधलेली. १९२८ साली बांधलेला. त्यावर रात्री दीडपर्यंत वाद झाला आणि शेवटी कुणीतरी विचारलं, ते सगळं ठीक आहे, पण पुलाला नाव कुणाचं आहे?

नाव होतं रॉबर्टो क्लेमेंटे. मला वाटलं असेल कुणी मेयर किंवा चीफ इंजिनीअर. निघाला बेसबॉलचा खेळाडू! आपल्याकडे बेसबॉल म्हणजे सिनेमात दिसणारी बॅट, एवढंच. पण एका खेळाडूचं नाव पुलाला का दिलं असेल हा किडा डोक्यात शिरला आणि सबमिशनच्या आठवड्यात मी त्याचं चरित्र वाचत बसलो. त्याच आठवड्यात माझ्या हातून एक चूक झाली होती. ती मी शेवटी सांगणार आहे, कारण क्लेमेंटे वाचला नसता तर ती चूक आहे हेसुद्धा मला कळलं नसतं.

क्लेमेंटेचा जन्म १८ ऑगस्ट १९३४ चा. गाव कॅरोलिना, पोर्तो रिको. कॅरिबियन समुद्रातलं हे बेट अमेरिकेच्या ताब्यात आहे, पण भाषा स्पॅनिश आणि त्या काळात सगळीकडे ऊसच ऊस. वडील मेल्चोर ऊसतोडणी कामगारांवर मुकादम होते. आई लुईसा घर सांभाळून मळ्याच्या मालकाकडचे कपडे धुवायची. आपल्या नगर-बीडकडच्या मुलांना हे चित्र वेगळं समजावून सांगायला नको. भावंडांत हा सगळ्यात धाकटा. नऊ वर्षांचा असताना त्याने सायकल मागितली तेव्हा वडिलांनी सांगितलं की कमवून घे. मग हा रोज पहाटे शेजाऱ्याचा दुधाचा कॅन वाहून आणायचा, त्याचे थोडेफार पैसे मिळायचे. सेकंडहँड सायकलचे २७ डॉलर जमायला तीन वर्षं लागली असं सांगतात.

आणि हो, आईची इच्छा होती की रॉबर्टोने इंजिनीअर व्हावं. हे वाचून मी पुस्तक दोन मिनिटं बाजूला ठेवलं. जगातल्या आया सगळ्या सारख्याच.

पण पोरगं दिवसभर चेंडूत. चेंडू नसेल तर कापडाची गुंडाळी, नाहीतर पत्र्याचा डबा. बॅट म्हणजे पेरूच्या झाडाची फांदी. रात्री झोपताना हातात रबरी बॉल दाबत बसायचा, मनगटात ताकद यावी म्हणून. शाळेत तो भालाफेक करायचा आणि ती इतकी चांगली की १९५२ च्या ऑलिंपिकसाठी पोर्तो रिकोकडून जाईल अशी चर्चा होती. भालाफेक आणि लांबून चेंडू फेकणं यात खांद्याची हालचाल बरीचशी सारखी. त्याचा तो प्रसिद्ध हात इथेच तयार झाला.

त्याला पहिल्यांदा हेरलं ते रोबेर्तो मारीन या शाळामास्तरांनी. हा पोरगा फांदीने पत्र्याचे डबे टोलवत होता आणि मारीन सर रस्त्याच्या कडेला उभे राहून बघत होते. त्यांनी त्याला विचारून एका तांदूळ कंपनीच्या सॉफ्टबॉल टीममध्ये घेतलं. वय वर्षं १४. ना फॉर्म, ना ट्रायल. फक्त बघितलं आणि कळलं.

आता जरा स्काऊट ही काय भानगड आहे ते सांगतो. गळ्यात स्कार्फ आणि हातात काठी घेतलेला स्काऊट नव्हे. बेसबॉलमधला स्काऊट म्हणजे क्लबचा पगारी माणूस, जो गावोगाव, शाळा-कॉलेजांच्या मैदानांवर फिरतो, खेळाडू बघतो आणि रिपोर्ट लिहून पाठवतो. रिपोर्टमध्ये ठरलेले रकाने असतात. फटका बसतो का, फटक्यात जोर किती, पळतो कसा, फेकतो कसा, चेंडू अडवतो कसा. आऊटफिल्डर असेल तर पळणं आणि फेकणं जास्त बारकाईने बघतात, कारण आऊटफिल्डर म्हणजे आपल्या क्रिकेटमधला बाऊंड्रीवरचा फील्डर. तो उभा असतो ८०-९० मीटरवर आणि तिथून त्याला थेट चेंडू आणून टाकायचा असतो.

मग येतो ड्राफ्ट. म्हणजे क्लबांनी नंबराने एकेक खेळाडू उचलायचा. त्या काळी शेवटून पहिला आलेल्या क्लबला पहिला नंबर मिळायचा, म्हणजे गरिबालाही संधी. आज शाळा-कॉलेजच्या खेळाडूंचा जो मोठा ड्राफ्ट होतो तो १९६५ साली सुरू झाला आणि त्यात सगळ्यात पहिला उचलला गेला तो रिक मंडे, अॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीचा आऊटफिल्डर. क्लेमेंटेच्या वेळी हा नव्हता. पण दुसरा एक ड्राफ्ट होता. एखाद्या क्लबने खेळाडू घेऊन खालच्या टीममध्ये ठेवला असेल, तर ठरावीक नियमात बसल्यास दुसरा क्लब त्याला वर्षअखेर उचलू शकत असे. आपली गोष्ट या नियमावरच फिरते, म्हणून एवढं सांगितलं.

१९५२ च्या नोव्हेंबरमध्ये ब्रुकलिन डॉजर्स या क्लबचे स्काऊट अल कॅम्पानिस सान हुआनच्या सिक्स्टो एस्कोबार स्टेडियमवर ट्रायल घेत होते. सत्तरेक पोरं आली होती. आधी फेकणं. क्लेमेंटेने मैदानाच्या मध्यभागच्या टोकावरून चेंडू फेकला तो हवेतून सरळ आला. कॅम्पानिसने पुन्हा फेकायला लावला. पुन्हा तसाच. मग ६० यार्ड पळणं. त्याने ६.४ सेकंद घेतले. ६० यार्ड म्हणजे जवळपास ५५ मीटर, म्हणजे सरासरी साडेआठ मीटर प्रति सेकंदाच्या वर, आणि तेही बेसबॉलच्या पूर्ण ड्रेसमध्ये. कॅम्पानिसने बाकीच्यांना घरी पाठवलं आणि एकट्या क्लेमेंटेला बॅटिंग करायला लावली असं सांगतात. रिपोर्टमध्ये फेकण्याच्या रकान्यात ए प्लस. पण पोरगा अजून शाळेत होता आणि शाळा संपल्याशिवाय कुणाला करारबद्ध करता येत नव्हतं. रिपोर्ट फाईलला लागला.

तोपर्यंत क्लेमेंटे सान्तुर्से या स्थानिक व्यावसायिक टीमकडून खेळू लागला होता. इतर क्लबांचीही नजर होती. शेवटी फेब्रुवारी १९५४ मध्ये डॉजर्सने त्याला घेतलं. पगार ५,००० डॉलर आणि बोनस १०,००० डॉलर. मिलवॉकीच्या क्लबने नंतर याच्या कितीतरी पट रक्कम सांगितली म्हणतात, पण त्याने डॉजर्सला होकार दिला होता आणि आईनेही सांगितलं की शब्द दिला तो दिला.

आता गोची इथे. तेव्हा नियम असा होता की ४,००० डॉलरपेक्षा जास्त बोनस दिलेल्या खेळाडूला मुख्य टीममध्ये ठेवावं लागे. खालच्या टीममध्ये ठेवलं तर वर्षाच्या शेवटी तो ड्राफ्टला उघडा. डॉजर्सकडे मुख्य टीममध्ये एकापेक्षा एक आऊटफिल्डर. म्हणून त्यांनी क्लेमेंटेला कॅनडातल्या माँट्रियल रॉयल्स या खालच्या टीममध्ये पाठवलं. उद्देश काय होता? प्रतिस्पर्धी जायंट्सला तो मिळू नये म्हणूनच डॉजर्सनी त्याला घेतला होता, असंही नंतर बोललं गेलं.

वीस वर्षांचाही न झालेला पोरगा. येते फक्त स्पॅनिश. गावात लोक फ्रेंच बोलतात, टीम इंग्रजी बोलते. अमेरिकेच्या दक्षिण भागात मॅच असली की काळ्या खेळाडूंना गोऱ्यांच्या हॉटेलात जागा नाही. घरच्या बेटावर रंगावरून इतकं उघड वेगळं काढलेलं त्याने पाहिलं नव्हतं. आणि या सगळ्यावर कडी म्हणजे तो बहुतेक वेळ बेंचवर. अख्ख्या मोसमात ८७ मॅचेसमध्ये तो दिसला, पण बॅटिंगच्या अधिकृत संधी फक्त १४८. सरासरी .२५७, म्हणजे हजारात २५७ वेळा यशस्वी. होम रन दोन.

इथे एक दंतकथा आहे. डॉजर्सने त्याला लपवलं, चांगला खेळला की लगेच बाहेर काढायचे, वाईट खेळला की ठेवायचे, म्हणजे दुसऱ्या क्लबांच्या स्काऊटना तो दिसू नये. ऐकायला मस्त आहे. पण पुढे अभ्यासकांनी त्या वर्षाचे मॅचेसचे स्कोअर एकेक करून तपासले, तेव्हा चित्र जरा वेगळं दिसलं. मोसमाच्या उत्तरार्धात त्याला साधारणपणे डावखुऱ्या पिचरसमोर उतरवायचे आणि उजव्या हाताच्या पिचरसमोर बसवायचे. चांगला खेळला म्हणून काढल्याचे किस्से स्कोअरशी जुळत नाहीत. लपवाछपवीचा हेतू थोडाफार असेलही, पण सगळं कारस्थान म्हणता येणार नाही. मला तर हे जास्त टोचलं. कारस्थान असतं तर निदान त्याची किंमत कळली होती असं म्हणता आलं असतं. इथे एका रांगेत बसवलेला तो एक पोरगा होता, ज्याचा नंबर कधीकधीच यायचा.

आता पिट्सबर्ग पायरेट्सकडे येऊ. १९५४ मध्ये ही टीम आपल्या लीगमध्ये शेवटची. १५४ पैकी १०१ मॅचेस हरलेली! पण शेवटची म्हणून ड्राफ्टमध्ये पहिला नंबर हिचा. क्लबचे जनरल मॅनेजर होते ब्रँच रिकी. हे रिकी म्हणजे साधंसुधं नाव नाही. याच रिकींनी डॉजर्समध्ये असताना जॅकी रॉबिन्सन या काळ्या खेळाडूला घेतलं आणि १९४७ साली गोऱ्यांपुरत्या राहिलेल्या मेजर लीगचं दार उघडलं. त्या रॉबिन्सनला १९४५ मध्ये रिकींच्या ऑफिसात घेऊन येणारा स्काऊट होता क्लाइड सुकेफोर्थ. आता सुकेफोर्थही पिट्सबर्गला.

रिकींनी सुकेफोर्थला पाठवलं होतं जो ब्लॅक नावाच्या पिचरला बघायला. क्लेमेंटेला नव्हे. रिचमंड गावात माँट्रियलची मॅच होती. मॅचच्या आधी फील्डिंगचा सराव चालू होता आणि उजव्या बाजूच्या आऊटफिल्डमधून एक पोरगा चेंडू फेकत होता. सुकेफोर्थ बघतच राहिले. पुढच्या दिवसांत पोरगा फारसा खेळला नाही, पण बॅटिंगच्या सरावात सुकेफोर्थनी त्याला पाहिलं आणि मन पक्कं झालं. जाताना त्यांनी माँट्रियलच्या मॅनेजरला गमतीत सांगून ठेवलं की आमच्या पोराची काळजी घ्या. मॅनेजरला काय समजायचं ते समजलं. परत येऊन त्यांनी रिकींना सांगितलं की पिचर राहू द्या, ड्राफ्टचा पहिला नंबर या पोरावर लावा.

मित्रांनो, इथे जरा थांबा. .२५७ ची सरासरी आणि दोन होम रन. कागदावर या पोरात काहीही नव्हतं. आपल्या भाषेत सांगायचं तर सीजीपीए सहा पॉइंट काहीतरी. मॅचमध्येही तो धड दिसला नाही. दिसला तो सरावात, तेही भलत्याच माणसाला बघायला गेलेल्या एका स्काऊटला, जो लवकर जाऊन बसला होता आणि डोळे उघडे ठेवून बसला होता. २२ नोव्हेंबर १९५४ ला ड्राफ्ट झाला. पायरेट्सने पहिला नंबर वापरून क्लेमेंटेला उचललं. किंमत ४,००० डॉलर. डॉजर्सनी त्याच वर्षी मोजलेल्या बोनसच्याही निम्म्याहून कमी.

आता सुकेफोर्थचा डोळा आणि रिकींचा अनुभव असं म्हणून टाळ्या वाजवायला मोकळे होऊ नका. रिकींनी त्या हिवाळ्यात स्वतः पोर्तो रिकोत जाऊन क्लेमेंटेला पाहिलं आणि नाराज होऊन आले. त्यांच्या मते हा पोरगा १९५५ मध्ये मेजर लीगला काही उपयोगाचा नव्हता, आधी बरंच खाली खेळायला हवा होता. म्हणजे रॉबिन्सनला ओळखणारी नजरसुद्धा इथे डळमळली. आणि त्या वर्षापुरतं ते फार चुकलेही नव्हते. १९५५ ला क्लेमेंटेची सरासरी .२५५ होती.

त्याचं आणखी एक कारण होतं, जे कुठल्याच रिपोर्टमध्ये नव्हतं. डिसेंबर १९५४ च्या अखेरीस त्याचा मोठा भाऊ ब्रेन ट्यूमरने शेवटच्या घटका मोजत होता. त्याला भेटून येताना दारू प्यालेल्या एका ड्रायव्हरने क्लेमेंटेच्या गाडीला धडक दिली. पाठीच्या मणक्याला मार बसला. भाऊ गेला आणि पाठदुखी आयुष्यभर राहिली. बॅटिंगला येताना तो मान आणि पाठ विचित्र मोडायचा, त्यावर लोक हसायचे. दुखतंय म्हणून सांगितलं की पेपरवाले त्याला नाटकी म्हणायचे. काही पेपरवाले त्याचं तोडकंमोडकं इंग्रजी जसंच्या तसं, उच्चारासकट छापायचे. रॉबर्टो म्हणायला जड जातं म्हणून त्याचं बॉब करून टाकलं. त्याला ते बिलकुल आवडायचं नाही. गावाकडून आलेल्या आणि पहिल्या सेमला इंग्रजीत प्रश्न विचारायला घाबरणाऱ्या आमच्यासारख्यांना यातलं दुखणं वेगळं सांगायला नको.

पण तो टिकला. १९५६ मध्ये सरासरी .३११. १९६० मध्ये पायरेट्स वर्ल्ड सीरिज जिंकले, बलाढ्य न्यूयॉर्क यांकीजना सात मॅचेसमध्ये हरवून, आणि या सातही मॅचेसमध्ये क्लेमेंटेचा किमान एक हिट होता. तरी त्या वर्षीच्या सर्वोत्तम खेळाडूच्या मतदानात तो आठवा! हे त्याला खूप लागलं. पुढचं उत्तर त्याने बॅटने दिलं. १९६१, १९६४, १९६५ आणि १९६७, चार वेळा लीगमध्ये सर्वाधिक सरासरी. १९६६ ला सर्वोत्तम खेळाडू. १९६१ ते १९७२ सलग बारा वर्षं फील्डिंगचं गोल्ड ग्लोव्ह. आणि तो हात! आऊटफिल्डमधून चेंडू फेकून फलंदाजांना बाद करण्यात तो पाच मोसम लीगमध्ये पहिला होता. १९६१ मध्ये एका मोसमात असे २७. पुढेपुढे धावणारे खेळाडू त्याच्याकडे चेंडू गेला की जागेवरच थांबायचे.

१९७१ ची वर्ल्ड सीरिज. वय ३७. पुन्हा सात मॅचेस, पुन्हा सातहीत हिट, सरासरी .४१४ आणि मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू. जिंकल्यावर टीव्हीच्या कॅमेऱ्यासमोर त्याने आधी परवानगी घेतली आणि अख्ख्या अमेरिकेसमोर स्पॅनिशमध्ये बोलून आईवडिलांचा आशीर्वाद मागितला. ज्या भाषेवरून त्याची थट्टा झाली, त्याच भाषेत.

३० सप्टेंबर १९७२ ला त्याने कारकिर्दीतला ३,००० वा हिट मारला. तोवर फक्त दहा जणांना हे जमलं होतं. त्यानंतर नियमित मोसमात त्याने एकही हिट मारला नाही, म्हणून त्याच्या नावापुढे आजही बरोब्बर ३,००० हाच आकडा आहे.

कारण तो डिसेंबर उगवला. त्याच हिवाळ्यात क्लेमेंटे पोर्तो रिकोची हौशी टीम घेऊन मॅनेजर म्हणून निकाराग्वाला जाऊन आला होता. तिथल्या रस्त्यांवर फिरला, लोकांशी ओळखी झाल्या. २३ डिसेंबरला तिथल्या राजधानीत, मानाग्वात, मोठा भूकंप झाला. शहर जमीनदोस्त, हजारो माणसं गेली. क्लेमेंटेने पोर्तो रिकोत मदत समिती उभी केली. सणाचे दिवस असूनही दिवसदिवस स्टेडियमवर उभं राहून कपडे, अन्न, औषधं जमवली. मदत रवाना झाली. मग निरोप आला की माल गरजूंपर्यंत पोचत नाही, तिथल्या हुकूमशहाचे सैनिक मध्येच लांबवतात. क्लेमेंटेला वाटलं की आपण स्वतः बरोबर गेलो तर कुणाची हिंमत होणार नाही.

३१ डिसेंबर १९७२ च्या रात्री तो जुन्या डीसी-७ मालवाहू विमानात बसला. मेकॅनिकलच्या विद्यार्थ्याने हा भाग वाचू नये असं वाटतं. त्याच महिन्यात त्या विमानाला धावपट्टीजवळ अपघात होऊन इंजिनाला मार बसला होता. क्षमतेपेक्षा ४,००० पौंडांहून अधिक, म्हणजे पावणेदोन टनांच्या वर जास्त ओझं भरलं होतं. विमानात पाच माणसं. उड्डाणानंतर काही मिनिटांतच ते समुद्रात कोसळलं. क्लेमेंटेचं शरीर कधीच सापडलं नाही. वय ३८. घरी पत्नी व्हेरा आणि तीन लहान मुलगे. त्याचा टीममधला जिवलग मित्र मॅनी सँगियेन श्रद्धांजलीच्या कार्यक्रमाला आला नाही, कारण तो पाणबुड्यांबरोबर समुद्रात मित्राला शोधत होता.

बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये जायला निवृत्तीनंतर पाच वर्षं थांबावं लागतं. त्याच्यासाठी हा नियम बाजूला ठेवला. १९७३ च्या खास मतदानात ४२४ पैकी ३९३ मतं पडली आणि लॅटिन अमेरिकेतला तो पहिला खेळाडू तिथे पोचला. समाजासाठी काम करणाऱ्या खेळाडूला दरवर्षी त्याच्या नावाने पुरस्कार देतात. १९९८ मध्ये त्या पिवळ्या पुलाला त्याचं नाव दिलं. पूल ओलांडला की समोर पायरेट्सचं स्टेडियम. त्याच्या उजव्या बाजूच्या आऊटफिल्डची भिंत २१ फूट उंच आहे, कारण क्लेमेंटेच्या पाठीवरचा नंबर २१ होता.

आता माझी चूक.

गेल्या वर्षी मी आमच्या गो-कार्ट टीमचा फॅब्रिकेशन हेड होतो. सेकंड इयरमधून सहा मुलं घ्यायची होती आणि फॉर्म आले चौसष्ट. मी काय केलं? एक्सेल उघडलं, केटीच्या कॉलमला फिल्टर लावला आणि निम्मे उडवले. मग सीजीपीए. दहा मिनिटांत काम फत्ते, उरलेल्यांचे इंटरव्ह्यू. चोख काम केलं म्हणून मी मित्रांकडून चहाही उकळला.

दोन आठवड्यांनी मी गेटवर पार्सल घ्यायला गेलो होतो. हॉस्टेलच्या गेटची बिजागरी तुटली होती आणि वेल्डिंगवाले काका आले होते. आमच्या शेजारच्या विंगमधला एक पोरगा तिथे उभा राहून बघत होता. काकांशी काहीतरी बोलला, त्यांच्या हातून होल्डर घेतला, काच डोळ्यासमोर धरली आणि वरच्या बिजागरीचं वेल्डिंग स्वतः केलं. उभ्या सांध्याचं वेल्डिंग, जे आमच्या टीममध्ये एकालाही नीट जमत नाही. काकांनी त्यावर हात फिरवला आणि मान डोलावली. वेल्डची रेघ अशी एकसारखी की मी पार्सल विसरून बघत राहिलो. चौकशी केली तर त्याच्या वडिलांचं तालुक्याला फॅब्रिकेशनचं दुकान आहे, हा आठवीपासून तिथे काम करतो.

रूमवर येऊन मी एक्सेल उघडलं. त्याचा फॉर्म होता. दोन केटी. फिल्टरमध्ये पहिल्याच फेरीत उडालेला. आणि खरं सांगायचं तर त्या फॉर्ममध्ये वेल्डिंग येतं का हा प्रश्नच नव्हता. फॉर्म मीच बनवला होता.

क्लेमेंटे वाचल्यावर मला सुकेफोर्थसारखं व्हावंसं वाटलं, पण मी निघालो तो .२५७ बघून पान उलटणारा माणूस. फिल्टर लावायचाच नाही असं मी म्हणत नाही. चौसष्ट मुलांना कुणी कसं बघणार? कॅम्पानिसनेही सत्तर पोरांना आधी चेंडूच फेकायला लावला होता. पण त्याने जे काम करायचं होतं तेच करून बघितलं. मी वेल्डिंगसाठी माणूस हवा असताना मॅथ्स थ्रीचे मार्क बघितले.

आणि दुसरी गोष्ट, जी मला अजून सुटलेली नाही. कॅम्पानिसचे रकाने बरोबर होते. हात, पाय, फटका, सगळं खरं ठरलं. पण ज्या कारणाने लोकांनी पुलाला त्याचं नाव दिलं, ते कुठल्या रकान्यात बसणार होतं? दुधाचा कॅन तीन वर्षं वाहणारा पोरगा दिलेला शब्द पाळतो, दुसऱ्याच्या देशातल्या भूकंपासाठी स्वतः विमानात बसतो, हे ६० यार्डाच्या शर्यतीत कसं दिसणार? हे कळायला त्या माणसाबरोबर राहावंच लागतं. हॉस्टेलवर आपण चार वर्षं एकमेकांबरोबर राहतो. बाहेरच्या कुठल्याही स्काऊटपेक्षा आपल्याला जास्त दिसतं, बघितलं तर.

मी त्या पोराच्या रूमवर गेलो. चूक झाली म्हणून सांगितलं आणि टीममध्ये ये म्हटलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला की दादा, आधी केटीचा पेपर आहे, तो निघू दे, मग बघू. मला जरा वाईट वाटलं, पण त्याचं बरोबर होतं. त्याला माझ्या भाषणाची नाही, मॅथ्सची गरज होती. तो महिनाभर रात्री साडेनऊला आमच्या रूमवर यायचा आणि माझा रूममेट त्याला लाप्लास शिकवायचा. दोनपैकी एक केटी निघाली. एक राहिली. ड्रायव्हरच्या सीटखालच्या फ्रेमचं यंदाचं सगळं वेल्डिंग त्याने केलं आहे.

या वर्षी सेकंड इयरच्या मुलांनो, फॉर्म बदलला आहे. मार्कांचा रकाना आहे, पण शेवटी. आधी सगळ्यांनी अर्धा तास वर्कशॉपमध्ये यायचं, हाताने काहीतरी करून दाखवायचं. मी सरावाच्या आधीच येऊन बसलेला असेन.